दोन ब्रेकची गाडी

४ जानेवारी

ताई,

फोन केला असता, पण फोनवर तू माझं वाक्य तोडतेस, मी तुझं तोडते, आणि शेवटी दोघींच्या हातात अर्धी अर्धी वाक्यं उरतात. कागद निदान मधे बोलत नाही. म्हणून पत्र. खुशाली विचारत नाही. तू 'मजेत' लिहिणार नाहीस आणि लिहिलंस तरी मला ते खरं वाटणार नाही.

तुझा मेसेज ह्यांनी मला दाखवला. मला न पाठवता माझ्या नवऱ्याला पाठवलास, ठीक आहे, तोही घरातलाच आहे. 'बाबांनी अंथरूण धरलंय. रोज आईला विचारतात. आणता आलं तर आणा.' तू तारखात्यात असतीस तर एव्हाना साहेब झाली असतीस.

आणणार आहे. ते आहेत तोवर आईला त्यांच्यासमोर बसवायचं, दुसरं काहीही मला आत्ता दिसत नाही. जुनं घर सोडताना आपण दोघींनी आईवडील वाटून घेतले. तुझ्या इमारतीला लिफ्ट म्हणून बाबा तुझ्याकडे, माझा तळमजला म्हणून आई माझ्याकडे. मिक्सर कोणी न्यायचा ह्यावर जास्त वेळ गेला होता. 'तात्पुरतं' हा शब्द आधी कोण बोललं ह्यावर आज भांडत नाही. त्या तात्पुरत्याला दोन वर्षं झाली, एवढंच.

प्रश्न आणायचं कसं हा आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर आई ताठ पाठीच्या बाकावर फार वेळ बसू शकत नाही, आणि दर थोड्या वेळानं तिला जाऊन यावं लागतं. रेल्वेच्या त्या हलत्या खोलीत ती एकटी मावते, तिला धरणारी मी मावत नाही. बस तिच्यासाठी जागोजागी थांबणार नाही. भाड्याची गाडी करून बघितली, इथल्या इथे, डॉक्टरकडे जायला. तिसऱ्यांदा थांब म्हटल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "काकू, पोचायचंय ना आपल्याला?" आई आठवडाभर त्याच्यावर रुसली होती. तुझ्याकडे यायचं म्हणजे सबंध दिवसाचा रस्ता. बाबांना हलवता येत नाही, तुला त्यांना टाकून निघता येत नाही.

तेव्हा स्वतःची गाडी. चालवीन मीच, लॅबची सॅम्पलची व्हॅन मी अधूनमधून चालवतेच. जुनी, स्वस्त, कितीही चाललेली घेऊ. तुझ्या दारात पोचून तिथेच प्राण सोडला तरी चालेल.

गाडीनं, म्हणतेय मी.

बाबांना सांग, येतोय.

तुझी धाकटी

१२ जानेवारी

ताई,

तुझी आठवण आली. गैरसमज नको, कामापुरती.

आपण कापड घ्यायला जायचो ते आठवतं? आईनं घरूनच कामं वाटून दिलेली असायची. मी 'हो' आणि तू 'नको'. मी कापडाला गाल लावायचा, तू दुकानाबाहेर एक पाय टाकून उभं राहायचं आणि कंटाळलेल्या आवाजात 'हे नको, आई, चल' म्हणायचं. दुकानदार माझ्याकडे बघून भाव चढवायचा आणि तुझ्याकडे बघून उतरवायचा, आणि आई मधे उभी, जणू ती दुसऱ्याच कुणाबरोबर आली होती. तुझं 'नको' इतकं खरं असायचं की एकदोनदा आपण सगळ्या रिकाम्या हातानं परत आलो.

घासाघीस एकट्यानं करायची गोष्टच नाही हे मला ह्या वयात कळतंय. एकाच तोंडानं वस्तू आवडलीही म्हणायचं आणि नकोही म्हणायचं, हे फक्त पुढाऱ्यांना जमतं. मी तुझी जागा ह्यांना दिली. दोन संध्याकाळी सराव घेतला. मी चष्मा काढून पुसला की ह्यांनी 'नको, चल' म्हणून फाटकाकडे चालू लागायचं. एवढंच. नाटकात भाला घेऊन उभं राहणाऱ्यालासुद्धा ह्याहून जास्त काम असतं.

जुन्या गाड्यांचा बाजार म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. टेबलाशी दलाल, बोटात अंगठ्या, आवाजात तूप. पहिल्याच गाडीच्या टपावर थाप मारून म्हणाला, "लोणी आहे ताई, लोणी. डॉक्टरांची गाडी. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर."

मी आत वाकून काटा बघितला. "दोन लाख चाळीस हजार किलोमीटर? दवाखाना परदेशात होता का?"

"ताई गमतीदार आहेत," तो ह्यांना म्हणाला. हे हसले. ह्यांनी हसायचं नव्हतं.

पुढची गाडीही डॉक्टरांची. तिच्या पुढची डॉक्टरीणबाईंची. मी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर मला रोज भेटतात. त्या शेडवर विश्वास ठेवायचा तर आमच्या गावातले सगळे डॉक्टर सध्या पायी फिरताहेत.

तरी पहिली गाडी बरी होती. मागची सीट मऊ होती, आईला आडवं होता आलं असतं. मी "आवडली हो" म्हणाले. त्यानं आकडा सांगितला. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला. हे गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "बरोबर आहे गं त्यांचं. टायर नवीन आहेत."

मी इतका चष्मा पुसला की काच पातळ झाली असेल. तेवढ्यात दलालानं विचारलं, "चहा मागवू?" आणि आमचे हे छाती भरून ओरडले, "नको! चल!" आणि तरातरा फाटकाबाहेर गेले. परत बोलावून आणावं लागलं.

त्यातूनही मी भाव खाली आणत होते. पण कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून आई बोलली. "घाईच आहे हो आम्हाला. हिच्या वडिलांनी अंथरूण धरलंय. लांब आहेत फार."

दलालाचा चेहरा एवढासा झाला. "अरेरे," म्हणाला. हात जोडले. आणि त्यानंतर भाव तसूभर हलला नाही. दुःखात सहभागी, भावात नाही.

जिनं आपल्याला दुकानात 'हावरटपणा डोळ्यात दिसू देऊ नका' असं शिकवलं, तिनं हे बोलावं? वय झालं, दुसरं काय. घरी आल्यावर मी तिला काही बोलले नाही. ह्यांना बोलले. कुणाला तरी बोलावं लागतंच.

बाबांना थोडं थांबायला सांग.

धाकटी

२० जानेवारी

ताई,

तुझा मेसेज पोचला. 'निघालात का? बाबा विचारतात.' ह्यावेळीही ह्यांनाच. ह्यांनी 'लवकरच' असं उत्तर पाठवलं आणि पुढे फुलाचं चित्र टाकलं. मी त्यांच्या हातातून फोन काढून घेईपर्यंत ते गेलं होतं. माफ कर.

दुसरी गाडी मिळाली होती. मिळाली होती म्हणजे किल्ली माझ्या हातात होती.

आमच्या मागच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या बाई आहेत, त्यांच्या नवऱ्याची गाडी. ते मागच्या वर्षी गेले तेव्हापासून गाडी अंगणात उभी. दलाल नाही, डॉक्टर नाही, सरळ मामला. बाईंनी दोन घरं सोडून राहणाऱ्या मेकॅनिकला बोलावून बॅटरी बदलून ठेवली होती. गाडी एका हाकेत सुरू झाली. मी जो आकडा बोलले त्यात बाईंनी थोडी भर घातली, मी थोडी काढली, आणि जमलं. चष्म्याला हातसुद्धा लावावा लागला नाही. बाई आत जाऊन गाडीची कागदपत्रं घेऊन आल्या.

आई पुढच्या सीटवर बसून बघत होती. तिनं दाराच्या खणात हात घातला आणि एक कंगवा काढला. पुरुषाचा, छोटा, खिशातला.

"त्यांचा का गं?" तिनं बाईंना विचारलं.

बाई म्हणाल्या, "हो. सिग्नलला थांबले की भांग पाडायचे. मी हसायची."

"मग विकू नकोस," आई म्हणाली. "आज विकशील, उद्या रस्त्यात दुसऱ्याच कुणाला ह्या गाडीतून जाताना बघशील. माणूस गेला म्हणून सगळंच घालवायचं असतं होय?"

बाई तिथेच पायरीवर बसून रडल्या. मग आई रडली. मी किल्ली परत दिली. दुसरं काय करणार होते? रडणाऱ्या बाईशी व्यवहार करण्याइतकी मी अजून मोठी झालेले नाही.

परत येताना मी म्हटलं, "आई, तुला बाबांना भेटायचंय ना?"

"म्हणजे काय," ती म्हणाली. आणि मग, "भाजी घ्यायची होती, राहिलीच."

धाकटी

२९ जानेवारी

ताई,

गाडी घेतली.

घरी आले, पाणी प्यायले आणि आधी तुला लिहायला बसले, ह्यावरून काय ते समज. आता तरी बाबांना ठामपणे सांगता येईल.

बाजाराच्या पलीकडे एक ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा रंग उडालेला तक्ता, आणि मास्तर. मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली आहे, आणि गाव जसं गाडी चालवतं ते बघता ही गोष्ट ते सहसा सांगत नाहीत. आता गुडघे गेले म्हणून शाळा बंद करतायत. त्यांची शिकवायची गाडी विकायची होती.

तीन लाख बारा हजार किलोमीटर. मी हसले. मास्तर रागावले. "हसू नका. काटा खरा आहे. आणि एक गोष्ट ऐका, ही गाडी आयुष्यात गावाबाहेर गेलेली नाही."

"एकदाही?"

"कशाला जाईल? बसस्टँडपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, तिथून वळून परत. तिसरा गिअर तिनं मोजक्या वेळा बघितलाय. इंजिन ऐका. काय ते क्लचचं झालंय ते झालंय, इंजिनाला कोणी दुखवलेलं नाही."

विचार कर ताई. तीन लाख किलोमीटर चालून गावाच्या वेशीशीच. मी माझ्या आयुष्याचा विचार करणार होते, पण वेळ नव्हता.

शिकवायची गाडी, म्हणून तिला दोन ब्रेक. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, एक शेजारच्याच्या. मास्तर आयुष्यभर त्या शेजारच्या ब्रेकवर पाय ठेवून बसले. "हा काढून देईन," म्हणाले, "पण त्याचे वेगळे पडतील."

आणि इथे आपली आई बोलली. गाडीतून उतरली, काठी टेकत रस्त्यापर्यंत गेली, आणि कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, "नको गं ही. चल. मला नाही जायचं ह्या गाडीतून."

ताई, अगदी तू! तोच आवाज, तेच तोंड फिरवणं. मला इतका आनंद झाला की 'हो'चं काम विसरून मी टाळ्या वाजवणार होते. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि पाच हजार उतरवले.

"क्लच बदलावा लागेल, मास्तर," मी म्हटलं.

"चल म्हणते ना," रस्त्यावरून आई. "किती वेळ?"

आणखी उतरले. हे गाडीला टेकून उभे होते, एक शब्द बोलले नाहीत, त्यांचे आभार. शेवटी मास्तर म्हणाले, "ब्रेक आहे तसा नेणार असाल तर सत्तर." मी हात पुढे केला. मास्तरांनी तो हलवला. मला बाजार जिंकल्यासारखं वाटलं.

"नको गं," आई म्हणाली. "खरंच नको."

मास्तर हसले. "काकू, भाव ठरला. आता म्हणायची गरज नाही."

आई हसली नाही. गाडीशी आली, शेजारच्या सीटवर बसली आणि पायाखाली बघून म्हणाली, "हा काढू नका मात्र. माझ्याही पायाशी एक असू दे."

क्लच बसला की निघतो. मागच्या काचेवर 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा' असं लिहिलंय, ते खरवडून निघत नाही. राहू दे. खोटं तर नाही.

धाकटी

५ फेब्रुवारी

ताई,

आम्ही निघालो होतो. हे तुला कळवायला हवं, म्हणजे मी नुसतीच पत्रं लिहीत बसले होते असं तुला वाटणार नाही.

सकाळी निघालो. आईला दोन उशा, थर्मास, बाबांचा तो तपकिरी स्वेटर, जो तिनं दोन वर्षं मला न दाखवता कपाटात ठेवला होता. हे घरी राहिले, मागच्या सीटवर आईला आडवं व्हायला जागा हवी म्हणून. पण आईनं मागे बसायला नकार दिला. "पुढे बसते. रस्ता दिसतो."

गाव संपलं. शेवटची घरं गेली, रस्ता रुंद झाला. गाडीनं पहिल्यांदाच मोकळं काही बघितलं आणि खरं सांगते, ती छान चालली. आणि एकदम धक्का बसून थांबली.

मला वाटलं, इंजिन. परत सुरू केली. पुढच्या वळणावर तेच. मागचा ट्रकवाला शेजारून जाताना ओरडला, "शिकायला हायवेच सापडला काय, मावशी?" तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मी खाली बघितलं. आईचा बूट ब्रेकवर होता.

"आई, पाय काढ."

"चुकून पडला."

"तिन्ही वेळा?"

मी गाडी कडेला घेतली. बाजूला नुसतं माळरान, एक बंद पडलेली टपरी. तिनं समोर बघत, जणू समोरच्या काचेला सांगते आहे असं सांगितलं.

"ते वाट बघतायत म्हणून आहेत गं."

मला आधी कळलंच नाही.

"माझ्या आईचं असंच झालं. पडून होती, डॉक्टर म्हणायचे आज जाईल, उद्या जाईल, आणि जात नव्हती. मी पोचले. तिनं माझ्याकडे बघितलं, हसली, आणि गेली. सगळे म्हणाले, तुझ्यासाठीच थांबली होती. चांगलं म्हणून म्हणाले ते. मी तेव्हापासून विचार करते, मी आणखी दोन दिवस उशिरा गेले असते तर ती आणखी दोन दिवस राहिली असती."

"तसं नसतं, आई."

"कसं असतं मग?"

मी लॅबमध्ये आहे, रक्तातलं काय वाढलं की माणूस राहत नाही हे मला तोंडपाठ आहे. ते सगळं तिच्यापुढे काढायला तोंड उघडलं आणि बंद केलं. ती म्हणाली, "मला जायचंय गं. रोज जायचंय. स्वेटर घेतलाय ना मी? पण पाय आपोआप जातो."

म्हणजे ताई, दलालापुढे घाई सांगितली ती वयामुळे नव्हे. शिलाईवाल्या बाईंना रडवलं ते दयेपोटी नव्हे. आणि मास्तरांच्या दारात ती तुझी नक्कल करत नव्हती. मी तिच्या 'नको'वर भाव पाडून घेत होते आणि ती खरोखर नको म्हणत होती.

मी गाडी वळवली. दुसरं काय करू? सत्तर वर्षांच्या पुढच्या बाईला उशा लावून, कुलूप घालून तुझ्याकडे पोचवू? परत येताना तिनं एकदाही ब्रेक लावला नाही.

पण तिला जे विचारलं नाही ते तुला विचारते. हिची वाट बघत बघत ते न भेटताच गेले तर? तो हिशेब तिनं केलाय का? मला विचारायची छाती नाही. तू तिथे आहेस, तू त्यांना रोज बघतेस. तू सांग, काय करू. ह्यांना मेसेज नको. मला सांग.

धाकटी

११ फेब्रुवारी, वाटेतून

ताई,

हे पत्र पेटीत टाकणार नाही. तुझ्या हातातच देईन. समोर आल्यावर मला बोलता येणार नाही, म्हणून लिहून ठेवते. आई पेट्रोल पंपावरच्या बाथरूमला गेली आहे, बाहेर तिथली बाई उभी केली आहे. मला दहाएक मिनिटं आहेत. कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवलाय, ते गरम आहे, अक्षर वाकडं येईल.

परवा तुझं पत्र आलं. एक पान. माझ्याबद्दलचं वाक्य गाळून सगळं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ते वाक्य चुकीचं आहे असं नाही, पण गाळलं. तू लिहिलंयस, 'मला नाही माहीत काय करावं. बाबा आता दाराकडे तोंड करून झोपतात. कूस बदलून दिली तरी परत तिकडेच वळतात. त्यानं मान आखडते, रात्रंदिवस दुखते, मी शेकते. बाकी काही मागत नाहीत.'

आईनं विचारलं, "मान दुखते?"

"हो."

"कुठल्या बाजूची?"

"ते लिहिलं नाही."

जेवताना परत विचारलं, "तिनं लिहिलंय का, शेकल्यावर बरं वाटतं का ते?" काल दिवसभर ती फिरत होती, स्वैपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वैपाकघर. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "दुखऱ्या मानेनं किती दिवस पडून राहू द्यायचं गं माणसाला? माझ्या भीतीपायी? उद्या चल."

आज उजाडताच ती तयार. केस विंचरलेले, काठी हातात, माझ्या आधी गाडीत. हे पेट्रोल भरून आणून दाराशी उभे. मी डिकीचं कुलूप बघत होते, आणि माझा फोन वाजला.

तुझं नाव.

ताई, आमच्या लॅबमध्ये एक पद्धत आहे. रिपोर्ट चांगला असला की मेसेज जातो. वाईट असला की मेसेज टाकत नाहीत, माणसानं फोन करायचा असतो. ते फोन मीच करते. वीस वर्षं करतेय. पलीकडचा माणूस माझं नुसतं 'हॅलो' ऐकून गप्प होतो, ते मला माहीत आहे.

आणि तू दोन वर्षांत मला फोन केलेला नाहीस.

कदाचित तू मान कुठल्या बाजूची ते सांगायला केला असशील. कदाचित बाबांनीच म्हटलं असेल, लाव तिला. असं होऊ शकतं ना? मी हातात फोन धरून उभी होते आणि तो वाजत होता. आईनं काच खाली केली. "कोण गं?"

"लॅबमधून."

"मग उचल की. काही महत्त्वाचं असेल."

"नंतर करते," मी म्हटलं आणि फोन पर्सच्या तळाशी टाकला. पर्समधून तो आणखी दोनदा वाजला. हे माझ्याकडे बघत होते. त्यांना मी चष्मा काढून दाखवला नव्हता, काहीच ठरलं नव्हतं. पण त्यांनी आपला फोन खिशातून काढला, बंद केला, आणि आईला म्हणाले, "सावकाश जा." बावीस वर्षांच्या संसारात त्यांना पहिल्यांदाच वेळेवर कळलं.

मी उचलायला हवा होता का? उचलला असता तर आईच्या चेहऱ्यासमोर उचलावा लागला असता. ती आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून निघाली होती. मी तिला काय सांगणार होते, आता नको, चल, परत? किंवा काही न सांगता शेजारी बसवून दिवसभर गाडी चालवणार होते? न उचलता निदान मला खरोखरच माहीत नाही. माझ्या तोंडावर ती काही वाचायला गेली तर तिथे काही लिहिलेलं नाही.

आई खुशीत आहे. हे तुला सांगायलाच हवं. बाबांनी लग्नाच्या आधी तिला भेटायला येताना सायकल मुद्दाम कशी पंक्चर केली होती ते ती मला दोनदा सांगून झाली. तिनं ते त्यांना ऐकवायचं ठरवलंय, ते नेहमी नाकबूल करायचे म्हणे. दोन्ही पाय तिनं सीटखाली मागे ओढून घेतलेत. ब्रेककडे बघत नाही. उलट मलाच म्हणते, "किती रांगतेस गं? जरा जोरात घे की. सगळे पुढे निघून चाललेत."

मी सांगते, गाडी जुनी आहे आई, तीन लाख चाललेली, एवढीच धावते. ती मास्तरांना शिव्या घालते.

गाडीला काही झालेलं नाही. तिला आज पळायचंय. मी पायच दाबत नाही.

ती आली बघ, त्या बाईच्या हाताला धरून. पेट्रोलवाल्याला काहीतरी सांगतेय, नवऱ्याकडे चाललेय म्हणून सांगत असणार. तो हसतोय.

ताई, दार उघडशील तेव्हा तुझ्याकडे काय आहे ते मला माहीत नाही. जे असेल ते असेल. फक्त लगेच बोलू नकोस. तिला आधी आत येऊन बसू दे. अजून निम्मा रस्ता आहे आणि मी तो जमेल तेवढा लांबवते आहे.